तीनशे चाळीसची झेप

चौकात आल्यावर अण्णांनी गाडी बाजूला घेतली, पाय टेकवला आणि म्हणाले, "आता वर बघ."

मी वर बघितलं. देवणीच्या बसस्थानकासमोर, रसवंतीच्या डोक्यावर, जिथं एरवी पुढाऱ्यांचे वाढदिवस लटकतात तिथं त्या दिवशी मी लटकत होते. चांगली बारा फूट. फोटो ओळखपत्राचा होता, डोळे अर्धवट मिटलेले, आणि छापणाऱ्यानं गालांना इतका गुलाबी रंग फासलेला की आई नंतर म्हणाली, पोरीला बघायच्या कार्यक्रमाला बसवलंय का काय. माझ्या शेजारी लातूरच्या अकॅडमीचे तळणीकर सर हाताची घडी घालून उभे होते. मार्क माझे होते, पण फोटो त्यांचा मोठा होता.

खाली लिहिलं होतं: कु. कावेरी नागनाथ पांचाळ. नीट २०१७, गुण १९८. नीट २०१८, गुण ५३८. एका वर्षात तीनशे चाळीस गुणांची झेप.

अण्णा सुतार. मापाचा माणूस. सावकाश वाचतात, पण वाचलेलं विसरत नाहीत. त्यांनी ते दोनदा वाचलं. मग म्हणाले, "मागल्या साली तुला तीनशे अठ्ठ्याण्णव होते ना गं?"

"हो."

"मग हे एकशे अठ्ठ्याण्णव कुठनं आलं?"

"छापणाऱ्याची चूक असेल," मी म्हटलं.

फोन करून दुरुस्त करायला सांग म्हणाले आणि रसवंतीवाल्याला दोन ग्लास सांगून मोकळे झाले, कारण आनंदच तेवढा होता. पाचशे अडतीस म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेज पक्कं. आमच्या घरात आजवर कुणी बारावीच्या पुढे गेलं नव्हतं. ग्लास विसळता विसळता रसवंतीवाला बोर्डाकडे बघून म्हणाला, "स्वामी सरांकडं एकशे अठ्ठ्याण्णव अन् लातूरला पाचशे अडतीस. बघा म्हणजे." त्याचा पोरगा त्याच वर्षी दहावी झाला होता आणि स्वामी सरांकडे शिकवणीला जाणार होता. ते ऐकून रस माझ्या घशाखाली उतरला नाही असं लिहायला बरं वाटलं असतं. पण उतरला. मी आणखी अर्धा ग्लास मागून घेतला.

मन्मथ स्वामी सर गावातल्या एका विनाअनुदानित कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. विनाअनुदानित म्हणजे काय ते आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं: सरकारचं अनुदान येईल तेव्हा पगार. अकरा वर्षं ते येतच होतं. तोवर घराच्या पुढच्या खोलीत सर बावीस पोरांची शिकवणी घ्यायचे आणि त्यावर चार तोंडं जगायची. त्या खोलीतले बाक अण्णांनीच केलेले. अकरावी-बारावीची दोन वर्षं मी त्यातल्या पहिल्या बाकावर काढली. गणित चुकलं तर पुसायचं नाही, कुठं चुकलं ते खाली आपल्या शब्दांत लिहायचं आणि वही सरांना दाखवायची, अशी त्यांची पद्धत. माझ्या असल्या वह्यांची चळतच्या चळत त्यांनी तपासली असेल.

त्यांच्याकडे शिकून पहिल्या खेपेला मला सातशेवीसपैकी तीनशे अठ्ठ्याण्णव पडले. त्या वर्षी गावात तेच सगळ्यांत जास्त होते. पण सरकारी कॉलेजला पुरणारे नव्हते आणि खाजगीची आमची ऐपत नव्हती, म्हणून एक वर्ष घालवून पुन्हा परीक्षा द्यायला मी लातूरला गेले. आमच्याकडे त्याला रिपीट मारणं म्हणतात.

तळणीकर सरांच्या बॅचला आम्ही एकशे चाळीस रिपीटर होतो. रोज परीक्षा, रोज भिंतीवर नंबर. त्यानं वेग वाढला, ते मी नाकबूल करणार नाही. पण शंका विचारायची तर टोकन घ्यायचं, आणि माझं टोकन यायचं तोवर खिडकीतले सर चहाला गेलेले असायचे. म्हणून दर रविवारी होस्टेलच्या मावशींचा मोबाइल मागून घ्यायचा आणि स्वामी सरांना लावायचा. तास तास चालायचं ते. फिरणाऱ्या वस्तूंची गणितं मला त्या फोनवर कळली, लातूरच्या फळ्यावर नाही. एकदा मीच ओशाळून म्हटलं, सर, मी आता तुमची विद्यार्थिनी राहिले नाही. ते म्हणाले, "मग कुणाची झालीस? पुढचं गणित सांग."

तर बोर्ड लागला गुरुवारी. त्याच संध्याकाळी मी अकॅडमीत फोन केला. खुद्द तळणीकर सर बोलले. गोड माणूस. सगळ्या मुलींना बाळा म्हणायचा, कारण नावं लक्षात राहायची नाहीत. माझं आता राहिलं होतं. मागच्या वर्षीचा आकडा चुकलाय असं मी सांगितलं, तर म्हणाले, फॉर्मवर होतं तसं छापलं, आता एकोणीस गावांत लागलेत बोर्ड, ते काय उतरवत बसायचे. मी बरं म्हटलं. मग त्यांनी आपण होऊन गोदाची चौकशी केली.

गोदा माझी धाकटी बहीण, नुकतीच दहावी झालेली. अकॅडमीनं त्या वर्षी निवडक चाळीस पोरांची एक बॅच काढली होती, राहणं, जेवण, शिकवणी सगळं फुकट, आणि गोदानं तिची परीक्षा दिली होती. "यादी सोमवारी लागेल," तळणीकर सर म्हणाले. "बहिणीचं नाव माझ्या डोळ्यांसमोर आहे, बाळा. आणि रविवारी देवणीतच पालकांचा मेळावा ठेवलाय आपण. तुझा सत्कार तिथं करू. दोन शब्द बोल, मनापासून बोल." धमकी वगैरे काही नाही. त्या माणसानं मला कधी धमकी दिली नाही. गरजच पडली नाही त्याला.

शुक्रवार उजाडेपर्यंत स्वामी सरांच्या बावीस पोरांतली सात गेली. हे गोदानं मला सांगितलं, तिच्या मैत्रिणी होत्या त्यांत. कुणी भांडलं नाही. एक जण म्हणाला, पोराला मामाकडे ठेवतो. दुसरा म्हणाला, पोरगं ऐकत नाही, काय करू. एक बाई तेवढी तोंडावर बोलली, की सर, तुमच्याकडनं गेली तशी पांचाळाची पोरगी तिप्पट झाली की हो. आणि अकरावीला नवीन जी पोरं यायची होती त्यातलं एकही फिरकलं नाही. जूनमध्ये पोरं आली नाहीत तर शिकवणीवाल्याचं वर्ष गेलं, हे मला चांगलं ठाऊक होतं.

त्या दिवशी पाचच्या सुमाराला सर आमच्या घरी आले. अण्णा अंगणात दाराची फळी रंधत होते. सरांच्या शर्टाची घडी मोडलेली, चपलांवर धूळ, हातात कापडी पिशवी. मी पाया पडले. त्यांनी आधी माझं अभिनंदन केलं, कोणतं कॉलेज मिळेल, कोणतं पहिलं लिहायचं याची विचारपूस केली. आईनं चहा आणून दिला आणि ती आत न जाता दाराशीच उभी राहिली.

मग सर म्हणाले, "कावेरी, तो आकडा."

"हो सर. मी फोन केला होता त्यांना."

"कशी झाली असेल गं चूक?"

"छापणाऱ्याची असेल, सर."

ते माझ्याकडे बघत राहिले. "असेल," म्हणाले.

त्यांनी चहाचा एक घोट घेतला. मग एकेक शब्द मोजून बोलले. "रविवारी तुला बोलायला उभं करतील. तेव्हा तुझे मागचे खरे मार्क सांग. बास. माझं नाव घेऊ नकोस, त्यांना वाईट म्हणू नकोस. तीनशे अठ्ठ्याण्णव म्हण आणि खाली बस."

मी म्हटलं, "सर, तुम्हीच सांगा ना लोकांना." किती सहज म्हटलं मी ते. आज आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

"मी सांगून कोण ऐकतंय? ज्याचं दुकान बसलंय तो बोंबलणारच, असं म्हणतील. तू म्हटलंस तर ते खरं."

रंध्याचा आवाज थांबला होता. सरांनी अण्णांकडे बघितलं. अण्णा काल चौकात दुरुस्त करा म्हणावं म्हणाले होते खरे, पण मधल्या एका दिवसात आईनं त्यांच्या कानावर सोमवारची यादी घातली होती. ते फळीवरची भुकटी हातानं झाडत म्हणाले, "सर, पोरगी शहाणी आहे. तिचं ती बघंल." ज्या माणसानं जन्मभर गिऱ्हाइकाला सुताभराचा फरक लपवून दिला नाही, त्यानं नजर चुकवली. मला लाज वाटली. आणि सुटल्यासारखंही वाटलं.

"सांगते सर," मी म्हटलं.

त्या घटकेला मला खरंच सांगायचं होतं. सरांनी चहा संपवला, कप आईच्या हातात दिला आणि गेले.

शनिवारभर आई माझ्या मागंपुढं. ती काही कैदाशीण नव्हे. तिला दोन पोरी होत्या, एक मार्गाला लागलेली आणि दुसरी लागायची. ती म्हणाली, "मी काय तुला खोटं बोल म्हणंना. नुसतं गप बस. गप बसायला काय लागतंय?" सरांना काय, शिकवण्या पुन्हा मिळतील, गोदाला पुन्हा कोण विचारणार आहे, असंही म्हणाली. गोदानं तिचे दोन नवे ड्रेस इस्त्री करून पिशवीत घालून ठेवले होते, यादी लागायच्या आधीच. मी आरशासमोर उभी राहून तीनशे अठ्ठ्याण्णव, तीनशे अठ्ठ्याण्णव असं चारपाच वेळा म्हणून बघितलं. काही अवघड नव्हतं.

रविवारी मंगल कार्यालय खच्चून भरलं. आजूबाजूच्या खेड्यांतनं जीपा भरभरून लोक आले होते. पाचव्या रांगेच्या टोकाला स्वामी सर बसले होते, धुतलेल्या पांढऱ्या शर्टात, भांग पाडून. एकटेच होते. तळणीकर सरांनी पाऊण तास भाषण ठोकलं. आपल्या मातीत हिरे आहेत, पण पैलू पाडणारा हात लागतो, असं म्हणून त्यांनी माझ्याकडे हात केला. शाल, नारळ, कुंडीतलं रोप. मग माइक माझ्या हातात आला.

मी बोलले. मागच्या वर्षी मला कमी मार्क होते, असं बोलले. मग खूप अभ्यास केला, रोजच्या परीक्षांचा फायदा झाला, आई-अण्णांचे आणि तळणीकर सरांचे आभार. 'कमी' हा शब्द मला व्यासपीठाच्या पायऱ्या चढताना सुचला होता आणि सुचल्याबरोबर छातीतलं ओझं उतरलं होतं. खोटा नव्हता ना तो. तीनशे अठ्ठ्याण्णव कमीच होते की. असली हुशारी मला परीक्षेतसुद्धा कधी सुचली नव्हती.

टाळ्या पडल्या. मी माइक परत द्यायला वळले, तेवढ्यात मधल्या रांगेतनं रसवंतीवाला उठला आणि त्यानं विचारलं, "ताई, त्याच्या आधी क्लास कुठं होता तुमचा?"

त्याला ठाऊक होतं, पण माझ्या तोंडून ऐकायचं होतं. याच एका प्रश्नासाठी ते लोक आले होते, आणि मलाही तो प्रश्न म्हणजे देवानं पुढं केलेला हात होता. आता तरी बोलता आलं असतं. इथंच होता, स्वामी सरांकडे, आणि तिथं मला तीनशे अठ्ठ्याण्णव पडले होते, आणि लातूरला असतानाही रविवारी तेच शिकवत होते. तीन वाक्यं. मी सरांकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत होते. पहिल्या रांगेत आई बसली होती, तिच्याशेजारी गोदा.

"इथंच," मी म्हटलं. "गावात."

तळणीकर सरांनी माझ्या हातातनं माइक अलगद काढून घेतला आणि म्हणाले, "पालकहो, मी काही बोलत नाही. तुम्ही ऐकलंत." मग जी टाळी वाजली ती पहिल्यापेक्षा मोठी होती. स्वामी सरांनीही वाजवली. मी नीट बघितलं, सगळ्यांबरोबर सुरू केली आणि सगळ्यांबरोबर थांबवली. चहा सुरू झाला तेव्हा मी त्यांना शोधलं, तर ते निघून गेले होते. दुसऱ्या दिवशी गोदाचं नाव यादीत आलं.

पुढचं थोडक्यात सांगते. पोळ्याच्या आत सरांची खोली रिकामी झाली. त्यांनी कॉलेजही सोडलं आणि बिदरकडे एका निवासी शाळेत नोकरी धरून बिऱ्हाड हलवलं. बाक खोलून द्यायला अण्णांनाच बोलावलं होतं. ते जाऊन आले आणि दोन दिवस त्यांनी रंध्याला हात लावला नाही. गोदा दिवाळीला घरी आली ती परत गेलीच नाही. रोज भिंतीवर खालून तिसरं नाव बघून तिला जेवण जाईना. आता उदगीरला एका पतसंस्थेत आहे, बरं चाललंय तिचं, फक्त त्या वर्षाचा विषय निघाला की उठून जाते. मी डॉक्टर झाले. सात वर्षांत सरांना एकदाही फोन केला नाही. नंबर पाठ आहे.

गेल्या वर्षी सरकारी सेवेसाठी मला सीमेजवळचं एक आरोग्य केंद्र मिळालं. एका मंगळवारी केसपेपर हातात आला: महानंदा मन्मथ स्वामी, वय बावन्न. मी मान वर केली तर समोर काकू. त्यांचं माहेर त्याच गावचं, भावाकडे आल्या होत्या, चक्कर येत होती. आधी मला मॅडम म्हणाल्या, मग डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, तू कावेरी का?"

रक्तदाब एकशे बहात्तर-शंभर होता. मी पट्टा सोडवत सरांबद्दल विचारलं. बरे आहेत म्हणाल्या, पोरांत रमतात, पगार वेळेवर होतो. मी पुढं काही विचारलं नाही. त्याच बोलत राहिल्या.

"आमच्या घरात तुझ्याबद्दल कधी वाकडा शब्द निघाला नाही बघ. लोक काही म्हणू देत. त्या मेळाव्यातनं हे घरी आले, मी आधी तेच विचारलं, बोलली का पोरगी? म्हणाले, बोलली. खरे मार्क सांगितले तिनं सगळ्यांसमोर उभं राहून. लोकांनाच ऐकायचं नव्हतं, त्याला ती काय करणार."

माझ्या हातात पट्टा तसाच राहिला.

"त्याच्या आधी लातूरला जाऊन आले होते," काकू म्हणाल्या. "शुक्रवारी, सकाळच्या गाडीनं. त्या अकॅडमीत जाऊन भांडले, तुझा तो फॉर्म दाखवायला लावला. हातात घेऊन बघितला. आल्यावर जेवले नाहीत त्या दिवशी. मी विचारलं, कुणी लिहिलाय तो आकडा? तर म्हणाले, तिथल्या कारकुनानं. आता बघ, कुठला कोण कारकून, आमचं काय वाकडं होतं त्याच्याशी? एक आकडा लिहिला अन् आमचं गाव सुटलं."

कारकुनानं लिहिला नव्हता. निकालाच्या दिवशी अकॅडमीच्या कचेरीत पेढे वाटत होते, मी आनंदानं नाचत होते, आणि फॉर्म पुढे सरकवत तो कारकून एवढंच म्हणाला होता, की मागचे थोडे कमी टाका, ताई, झेप मोठी दिसते, सगळेच टाकतात. मी हसले. पेन माझंच होतं. तीनच्या जागी एक लिहिताना हात थांबला नाही. स्वामी सरांचं वाईट व्हावं म्हणून नाही लिहिला, ते त्या वेळी मनातच आले नाहीत. तेच जास्त वाईट आहे. ज्या माणसानं माझं अक्षर दोन वर्षं रोज वाचलं, त्याला तो कागद हातात घेतल्यावर कुणी काही सांगायची गरज नव्हती. तिथनं ते तडक आमच्या घरी आले, आणि मला विचारलं, कशी झाली असेल गं चूक.

हे सगळं काकूंना सांगायला पाच मिनिटं लागली असती. बाहेर पेशंटची रांग होती, पण मी पाच मिनिटं काढू शकले असते. काकूंनी खुर्चीवरनं उठता उठता माझ्या गालांवरनं हात फिरवला आणि स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडली.

"तू खरं बोललीस," त्या म्हणाल्या, "म्हणून देवानं तुला इथं बसवलं."

मी त्यांना महिनाभराच्या गोळ्या लिहून दिल्या, मीठ कमी खा म्हटलं, आणि पुढचा पेशंट आत बोलावला.